सोंगाला साक्षीदार लागतो

माळेगावच्या यात्रेत बैलाचा भाव तोंडाने ठरत नसे. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि शेतकरी समोरासमोर उकिडवे बसत, दोघांच्या हातांवर उपरणं पडे, आणि पुढचं सगळं बोलणं त्या उपरण्याखाली होई. आकडा शेकड्यातला की हजारातला, एवढंच मोठ्याने ठरे. मग कोणी कोणाची किती बोटं धरली, यावर भाव चढे किंवा उतरे. तोंडं मात्र वेगळंच चालू ठेवत. "एवढ्यात तर शेळी बी येत न्हाई मालक," असं हेडी चारचौघांत ओरडत असे, आणि त्याच वेळी उपरण्याखाली त्याची बोटं एक पायरी खाली आलेली असत. कडं करून उभ्या असलेल्या बाकीच्या हेड्यांना चेहरे दिसत, आवाज ऐकू येई, खरा आकडा कळत नसे. त्याचा राग कोणी धरत नसे, कारण थोड्या वेळाने त्यांचाच हात उपरण्याखाली जायचा असे.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. सगळी नोकरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गेली. माळेगाव लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते आणि घोडे, गाढवं, उंट, कुत्री, बैल असा सगळा बाजार माळावर उतरतो. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा बैलबाजारही तसाच नावाजलेला. कंधारकडचा लाल कंधारी, देवणीकडची देवणी, आणि देवणीतही वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून ओळखायचे प्रकार. आमचं काम लसीचं, दाखल्यांचं, पशुप्रदर्शनाचं. पण बाजारात दिवसभर उभं राहिलं की माणसांची लबाडीही शिकायला मिळते. कुठली लबाडी चालते आणि कुठली चालत नाही, हेही तिथेच कळतं.

हे सगळं आठवायला कारण झालं माझ्या नातीचं. ती पुण्यात शिकते. रविवारी तिच्या खोलीवर पाच-सहा जण जमतात आणि टेबलाभोवती बसून एक लांबलचक गोष्ट खेळतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एकाने गोष्ट चालवायची. बंद दारामागे काय आहे हे त्या एकट्याला ठाऊक असतं. पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही, ते फासे ठरवतात. या जातीचा पहिला छापील खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. आता तो आपल्याकडच्या पोरांच्या खोल्यांपर्यंत आला आहे. गोष्ट चालवण्याचं काम नातीकडे आहे.

तिच्या टेबलावर तंटा झाला. एका मुलाच्या पात्राने सोबतच्याच मुलीच्या पात्राचा दागिना चोरला, थापा मारल्या, तिसऱ्यावरच आळ घातला. महिनाभर सगळे चोर शोधत राहिले. खरं बाहेर आलं तेव्हा ती मुलगी टेबलावरून उठून गेली. मुलगा म्हणाला, माझं पात्रच चोराचं आहे, मी दुसरं काय करणार? ती म्हणाली, पात्र चोराचं असेल, पण महिनाभर माझ्याकडे बघून हसत होतास तो तूच ना? दोघांचं बोलणं बंद झालं.

नातीने फोनवर विचारलं, "आबा, मला तर दोघंही बरोबर वाटतात. मी काय करू?"

तिच्या खेळातलं मला फारसं कळत नाही. हा तंटा मात्र जुना आहे. सोंग घेऊन एकमेकांना फसवायचं आणि सोंग उतरल्यावर एका पंगतीला बसायचं, याची रीत आमच्या मुलखाने फार पूर्वी बसवली होती. ती रीत काय होती आणि कुठे मोडली, ते तिच्यासाठी लिहायला घेतलं आणि लांबत गेलं.

आधी बाजारच घेऊ. विकणारा शिंगं घासून तेल लावून चकचकीत करी. बैलाला पोटभर पाणी पाजून त्याच्या खपाटीला गेलेल्या कुशी भरल्यासारख्या दाखवी. गाय विकायची तर आदल्या संध्याकाळची धार काढायची नाही, म्हणजे कास तटतटलेली दिसे. हे सगळं घेणाऱ्याला माहीत असे आणि घेणाऱ्याला माहीत आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत असे. पण घेणाऱ्याचा एक हक्क कोणी नाकारू शकत नसे. जनावराचं तोंड उघडून दात बघायचे. गाईबैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालच्या आठ दुधाच्या दातांच्या जागी पक्के दात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांची झाल्यावर, आणि आठही भरायला साडेचार-पाच वर्षं लागतात. म्हणून दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला अशी बाजारातली मोजणी. "बैल अजून पोरगं हाय" असं विकणाऱ्याने शंभरदा म्हणावं, दात आपलं सांगून मोकळे होतात. चालवून बघायचं, औताला जुंपून बघायचं, हेही हक्काचंच.

तोंडाने वाटेल ते बोला, पण बघायला अडवू नका, अशी ती रीत होती. दात बघू न देणाऱ्याच्या दावणीकडे दिवसभर कोणी फिरकत नसे. आणि सौदा झाला, इसार हातात पडला, दलालासमोर शब्द गेला, की उलटायचं नाही. दलाल दोन्ही बाजूंकडून दलाली घेई, म्हणून त्याला शिव्याही खूप बसत. पण भांडण लागलं की त्याच्याच तोंडाकडे सगळे बघत, कारण दोघांमध्ये काय ठरलं हे पाहिलेला तिसरा माणूस तोच.

मी नातीला विचारलं, "त्या पोरीला दात बघायला मिळाले होते का गं?"

तिच्या खेळात त्याची सोय असते म्हणे. एकाने थाप मारली की दुसऱ्याने ती ओळखण्यासाठी फासे टाकायचे. एकाची फसवण्याची हातोटी आणि दुसऱ्याची पारख, यांची तिथे गाठ पडते. पण हा मुलगा गोष्ट चालवणारीला, म्हणजे नातीलाच, चिठ्ठ्या लिहून आपले डाव कळवत राहिला. चोर कोण याचा मुलीला सुगावाही लागला नाही, मग ती फासे टाकणार कशावर? उपरणं होतं, दलालही होता, पण ज्याचा बैल विकला जात होता त्यालाच सौद्याला बसवलेलं नव्हतं.

माझं गाव कंधार तालुक्यातलं. सुगी सरून घरात धान्य आलं की बहुरूपी यायचे. गावाबाहेर पाल पडे. पण सोंग काढण्याआधी त्यांचा म्होरक्या पोलीस पाटलाच्या ओट्यावर येऊन बसे. कुठले, किती जण, किती दिवसांचा मुक्काम, सगळं सांगे. मग रोज एक सोंग. एके दिवशी वैद्य, दुसऱ्या दिवशी सावकार, कधी साधू. सगळ्यात गाजायचं ते फौजदाराचं. खाकी कपडे, शिट्टी, काखेत जाडजूड वही. दारात उभा राहून तो गर्जे, "तुमच्या मांजरानं पाटलाच्या दुधावर दरोडा घातलाय! जामीन कोण राहतो बोला!" आम्ही पोरं कणगीमागे लपायचो. म्हातारी माणसं आतून हसायची. घरात नवी सून असेल तर ती खरंच घाबरायची, आणि तिला हे सोंग आहे असं मुद्दाम कोणी सांगत नसे. तीही गंमतच होती. या नव्या सुनेकडे मला शेवटी परत यायचं आहे.

वडील सांगायचे, निजामाच्या राज्यात हेच लोक जमादाराचं सोंग आणत आणि अर्धं उर्दूत दरडावत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान गेलं, जमादाराचा फौजदार झाला, पण सोंगाची रीत तीच राहिली. रोज वेगळं सोंग, आणि शेवटच्या दिवशी बहुरूपी आपल्या नेहमीच्या कपड्यांत, हात जोडून दारोदार येई. आतापर्यंत दारात आलेला फौजदार, वैद्य, साधू तो मीच, आता माझं द्या. लोक धान्य देत, जुने कपडे देत. या शेवटच्या दिवसाने आधीचे सगळे दिवस खेळ ठरत.

या बहुरूप्यांत एक गोष्ट सांगतात आणि देशात ठिकठिकाणी ती वेगवेगळ्या राजांच्या नावावर ऐकू येते. बहुरूपी साधूचं सोंग घेऊन गावाबाहेर बसतो. त्याची कीर्ती ऐकून राजा येतो, पायाशी मोहरांची थैली ठेवतो. साधू ती लाथाडतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस दरबारात येऊन इनाम मागतो. राजा म्हणतो, काल एवढं धन देत होतो ते का घेतलं नाहीस? बहुरूपी म्हणतो, काल मी साधू होतो. साधूने मोहरांना हात लावला असता तर सोंग बाटलं असतं. आज मी बहुरूपी आहे, माझी मजुरी द्या. सोंगात असताना सोंगाशी इमान, आणि घेणं-देणं सोंगाबाहेर, असे दोन नियम त्या गोष्टीत आहेत. सोंगाच्या आडून माणसाचा फायदा करून घेतला की ती लुबाडणूक.

आत एक आणि बाहेर एक असलं तरी त्यात खोटेपणा नाही, हे आपल्याकडे फार जुन्या काळी मान्य झालेलं आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इसवी सन १२९० ची. तिच्यात बहुरूप्यांचा दृष्टांत येतो. राजा-राणीचं सोंग घेतलेल्या दोघांच्या मनात नवरा-बायकोचा भाव नसतो, पण लोकांसमोर ते सोंग पुरतं वठवतात. ज्ञानी माणसाने जगात कसं वागावं, हे समजावताना ज्ञानदेवांना बहुरूपी आठवला. पुढे पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव, विंचू चावलेला अशी सोंगं उभी करून अध्यात्म सांगितलं. ज्या मुलखात संतच सोंगं घेतात तिथे सोंग हलकं कसं मानायचं?

तरी सगळ्यांना ते गोड वाटत नव्हतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिलं. त्यात फिरस्त्यांवर एक अख्खं प्रकरण आहे, आणि दारोदार मागत फिरणाऱ्या या जातींचा भार शेवटी कुणब्याच्या कणगीवर पडतो, अशी त्यांची तक्रार आहे. सरकारी अधिकारी म्हणून त्यांना हिशेब दिसत होता. प्रभाकर मांडे यांनी पुढे 'गावगाड्याबाहेर' लिहून याच लोकांकडे त्यांच्या बाजूने पाहिलं. मला वाटतं दोघांचंही खरं आहे. सोंग फुकट नव्हतं, आणि त्याची किंमत गाव उघड्या डोळ्यांनी मोजत होतं.

दुसरी तऱ्हा गोंधळ्यांची. माहूरची रेणुका नांदेड जिल्ह्यातच. तिचे गोंधळी ते रेणुराई, तुळजाभवानीचे ते कदमराई. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ मोठ्या रंगमंचांवर नेला. त्याआधी आणि नंतरही तो लग्नघरच्या अंगणात दिवटीच्या उजेडात, संबळ-तुणतुण्यावर रात्रभर चालत आलेला आहे. त्यात करपल्लवीचा खेळ असतो. एक गोंधळी पाहुण्यांत जातो, कोणीतरी त्याच्या कानात नाव सांगतं. तो परत येऊन तोंडातून शब्द न काढता हाताच्या बोटांनी खुणा करतो आणि दुसरा गोंधळी ते नाव घडाघडा सांगतो. आम्ही पोरं तोंडात बोट घालून बघत राहायचो. इथे दोन खेळगडी मिळालेले असतात आणि बाकीचं अंगण बाहेर. पण कोणाला फसल्यासारखं वाटत नाही, कारण ही विद्या आहे असं ते आधीच सांगतात आणि नावापलीकडे तिच्यातून काही काढत नाहीत. हीच खुणांची भाषा वापरून कोणी तुमच्या घरातलं गुपित ओळखून दाखवलं आणि शांतीचे पैसे मागितले, तर गाव त्याला हाकलून लावी. हात तेच, खुणा त्याच, पण एकीकडे बिदागी आणि दुसरीकडे लूट.

नातीच्या टेबलाला सगळ्यात जवळचा मात्र तमाशा. माळेगावला यात्रेत फड उतरायचे. गण, गौळण, बतावणी आणि मग वग. १८६५ च्या सुमाराचा उमा बाबाजी सावळजकरांचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात. जुन्या वगांचं बाड लिहिलेलं नसे. फडाचा नाईक गोष्ट सांगे, कोण राजा, कोण प्रधान, कुठे वळण, शेवट काय. मधले संवाद ज्याने त्याने उभ्या उभ्या जुळवायचे. प्रधानाने राजाला फसवायचं, सोंगाड्याने दोघांना. त्यात सोंगाड्याला मोकळीक फार. राजाला तो असा काही प्रश्न टाकी की राजा झालेल्या नटाला सिंहासनावर घाम फुटे. त्याला उत्तर द्यायचं तेही राजाच्याच तोंडून, सोंग न सोडता. एका खेळगड्याने दुसऱ्याला खेळातच गाठायचं, असा तो रोजचा सामना.

भांडणं का होत नसत? एक कारण नाईक. तो कडेला उभा राहून बघे. गोष्ट भलतीकडे निघाली की मागच्या सुरत्याने झील उचलायची, ढोलकीवर थाप पडायची आणि प्रसंग तिथे तुटायचा. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. सोंगाड्या आपला डाव आधी प्रेक्षकांकडे वळून सांगून टाकी. "आता बघा ह्या राजाला कसा बनवतो!" हे राजा झालेला नट दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकत असे. राजाला ऐकू गेलेलं नाही, नटाला गेलेलं आहे. पात्र अंधारात आणि माणूस उजेडात. राजा फसला म्हणून नटाचा अपमान होत नसे. उलट आपण किती छान फसलो, यावर त्याला शिट्ट्या मिळत.

हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे चोरी कोणी केली हे तिला सांगायचं, तिच्या पात्राला नाही?" मी म्हटलं, वगात तरी तसंच चालतं. आपलं पात्र कसं फसेल, हे त्या पोरीलाच रंगवायला मिळालं असतं तर कदाचित तिनेच ते सगळ्यांत भारी रंगवलं असतं.

मग तिने अडचणीत आणणारा प्रश्न केला. माणसालाही अंधारात ठेवण्यात मजा असलेले खेळ नसतात का? असतात. आम्ही शाळेत राजा, प्रधान, शिपाई, चोर खेळायचो. चार चिठ्ठ्या. राजाला १०००, प्रधानाला ८००, शिपायाला ५००, चोराला भोपळा. शिपायाने चेहऱ्यांवरून चोर ओळखायचा, चुकला तर त्याचे गुण चोराला. नातीने आणखी नावं सांगितली. अ‍ॅलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५९ साली डिप्लोमसी नावाचा पटावरचा खेळ बाजारात आणला, त्यात खेळाडू एकमेकांशी गुपचूप करार करतात आणि मोडतात. १९८६ साली मॉस्कोत दिमित्री दाविदोव या विद्यार्थ्याने माफिया नावाचा खेळ बसवला, त्यात गावातले मारेकरी कोण हे बाकीच्यांनी ओळखायचं. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी. आपल्यातला कोणीतरी खोटं बोलणार आहे, हे बसण्याआधी प्रत्येकाला माहीत असतं आणि खेळ संपताना सगळ्या चिठ्ठ्या उघडतात. म्हणजे बोली आहे आणि मुदतही आहे.

बोली आणि मुदत या दोन गोष्टी महाभारतातही आहेत. अज्ञातवासात पांडवांनी विराटाच्या घरी सोंगं घेतली. धर्मराज कंक होऊन राजाशी फासे खेळतो, भीम बल्लव आचारी, अर्जुन बृहन्नडा. त्या सोंगाला एक वर्षाची मुदत होती आणि ओळखलं गेलं तर पुन्हा बारा वर्षं वनवास, हा दंड आधीच ठरलेला होता. द्यूतसभेत मात्र असं काही नव्हतं. तिथे खेळ थांबवा असं विदुर म्हणाला, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. बाकीचे मोठे लोक बसून होते आणि साक्षीदार एकही नव्हता.

कौटिल्याने बहुधा हेच ओळखलं. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली चालायचा. दुसरीकडे खेळणाऱ्याला १२ पण दंड. फासे अध्यक्षाने पुरवायचे, ते बदलणाऱ्याला वेगळा दंड, आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच सरकारजमा. यात सरकारची कमाई होती आणि चोरटी माणसं हुडकायची सोयही होती. पण खेळणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर प्रत्येक पटाशेजारी एक तिसरा बसवला गेला. याच ग्रंथात साधू, विद्यार्थी, व्यापारी यांच्या वेशातल्या हेरांची व्यवस्थाही तपशीलवार लावलेली आहे. राज्याला सोंगं हवी होती, मात्र आपल्या नोंदीतली.

आमची रीत मोडली ती या नोंदीपाशीच. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा भीक कशाला म्हणतो ते पाहा. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य, खेळ अशा कुठल्याही बहाण्याने दान घेणं म्हणजे भीक. त्यात गोंधळी, बहुरूपी, डोंबारी सगळे एका ओळीत बसले. ज्याला गाव कला म्हणून बिदागी देत होतं, त्याला कायद्याच्या व्याख्येत बहाणा म्हटलं गेलं. सरकारी नोकराचा वेश घालण्याविषयी भारतीय दंड विधानात १७१ वं कलम होतं. आता भारतीय न्याय संहितेत ते २०५ वं आहे. आपण खरंच सरकारी माणूस आहोत असा लोकांचा समज व्हावा, या हेतूने वेश घातला तर तो गुन्हा. सोंगातल्या फौजदाराला या कलमाची भीती नव्हती, कारण मांजराच्या दरोड्यावर कोणाचा विश्वास बसणार? पण त्याचं हे रक्षण कपड्यांत नव्हतं. पोलीस पाटलाने त्याला पाहिलेलं होतं आणि गाव त्याला दरवर्षी पाहत होतं, त्यात ते होतं. ओळखच नसलेल्या शहरी कॉलनीत तेच खाकी कपडे संशयाचे होतात.

आणि पाहिलेलं कोणी नसलं की काय होतं, ते १ जुलै २०१८ ला दिसलं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ते बहुरूपी नव्हते, भिक्षेवर जगणारे फिरस्ते होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. म्हणजे ज्या जागेवर पूर्वी म्होरक्या जाऊन आपली नावं सांगायचा, तसल्याच जागी. त्या दिवसांत आमच्याकडचे गोंधळी आणि बहुरूपीही महिनाभर पालाबाहेर पडायला कचरत होते. लोक वाईट झाले, एवढंच म्हणून मी हे सोडून देत नाही. माणसं तीच होती. अनोळखी वेश आणि गाव यांच्यामध्ये उभा राहून 'मी यांना पाहिलंय' म्हणणारा माणूस नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी मोबाइल आला होता.

नातीने पुढच्या रविवारी टेबलावर तीन गोष्टी ठरवल्या. आपापसात चोरी-थापा चालणार की नाही, हे आधी सगळ्यांनी बोलून ठरवायचं. चिठ्ठीतून डाव टाकला तरी ज्याच्यावर टाकला त्याला फासे टाकायची संधी द्यायचीच. आणि प्रत्येक डावाच्या शेवटी पात्रं बाजूला ठेवून, सगळ्यांनी आपापल्या नावाने बोलायचं. मला बरं वाटलं. बोली, दात आणि शेवटचा दिवस, तिन्ही तिने घेतले.

चौथी गोष्ट तिची स्वतःची होती आणि ती आमच्याकडे कधीच नव्हती. टेबलाच्या मध्यभागी एक कार्ड ठेवतात, त्यावर फुली काढलेली. कोणाला प्रसंग सोसवेना झाला तर त्या कार्डाला नुसता हात लावायचा. कारण विचारायचं नाही, समजावत बसायचं नाही, प्रसंग तिथेच बदलायचा. अलीकडे अशा खेळांत हे बऱ्याच ठिकाणी करतात म्हणे. मी आधी नाक मुरडलं. अशाने वग रंगेल कसा, असं वाटलं. पण मग ती घाबरलेली नवी सून आठवली. फौजदार दारात दरडावत असताना तिने कोणाला सांगायचं होतं की मला खरंच भीती वाटते? बतावणीत दुहेरी अर्थाचे बाण झेलत, पायातले चाळ वाजवत उभ्या असलेल्या नाचणारणीने कुठल्या कार्डाला हात लावायचा होता? आमच्या सोंगांना साक्षीदार होते, पण ते पाटील, नाईक, दलाल. थांबवण्याचा अधिकार त्यांचा. ज्याच्यावर सोंग बेतलं आहे त्याला तो अधिकार आम्ही दिला नाही, आणि रीत जुनी आहे म्हणून ही उणीव मी झाकणार नाही.

तो मुलगा टेबलावर अजून चोरच आहे. मुलगीही परत येते. तिच्या पात्राला म्हणे आता हेर व्हायचं आहे, आणि त्या दागिन्याचा हिशेब तिला चुकता करायचा आहे. हे तिने सगळ्यांसमोर, त्या मुलाच्या तोंडावर सांगून टाकलं. तोही हसून म्हणाला, "ये, बघू." मी नातीला विचारलं, मग आता पुढे काय? ती म्हणाली, "आबा, ते तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही टेबलावर बसत नाही."